रणांगणावरचा वार्ताहर



सकाळीं चहा घेतांना आपण युद्धाची बातमी वाचतों. परंतु ती लिहिणारास तिची काय किंमत द्यावी लागली असेल, हा विचार क्वचितच मनांत येतो. आज अमेरिकेंतील एका वार्ताहराची हकीकत सांगावयाची आहे. त्याचें नांव अर्नी पाईल.

पाईलचा जन्म १९०० सालीं इंडियाना संस्थानांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. शरीरानें तो किडकिडीत, स्वभावानें भिडस्त. १९४० सालीं जर्मन विमानें लंडनवर बाँब टाकीत असतां तो तेथें जाऊन राहिला. पुढें उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली आणि नॉर्मंडी येथील लढायांत तो पायदळाबरोबर हिंडला. नकाशे व डावपेंच त्यानें इतरांवर सोपविले. शिपाई काय खातो, चिखलांत कसा निजतो, घरच्या पत्राची वाट कशी पाहतो, हें तो लिही. आणि ज्याच्याविषयीं लिही त्याचें नांवगांवहि देई. शेंकडों वृत्तपत्रें हे लेख छापीत. पायदळाच्या शिपायांस जादा वेतन मिळावें असें त्यानें लिहिलें, आणि १९४४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें तसा कायदा केला. त्याच वर्षीं त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें.

त्याचा सर्वांत गाजलेला लेख हेन्री वास्को या कॅप्टनाच्या मृत्यूवर आहे. डिसेंबर १९४३ मध्यें इटलींतील एका डोंगरावरून त्याचें प्रेत खेचरावर घालून चांदण्यांत खालीं आणलें. तुकडीचे शिपाई एकेक करून जवळ आले. एक जण त्याचा हात हातांत घेऊन बराच वेळ मुकाट्यानें बसून राहिला. पाईलनें जें पाहिलें तेवढेंच लिहिलें.

परंतु अशीं दृश्यें कागदावर उतरविलीं म्हणून मनांतून पुसलीं जात नाहींत. जुलै १९४४ मध्यें फ्रान्समधील सेंट-लो गांवाजवळ अमेरिकन विमानांचे बाँब चुकून अमेरिकन फौजेवरच पडले; पाईल थोडक्यांत बचावला. पॅरिस मुक्त झाल्यावर, सप्टेंबरांत, आतां आणखी सोसवत नाहीं असें वाचकांस स्पष्ट कळवून तो मायदेशीं परतला. घरींहि विसांवा नव्हता. पत्नी जेराल्डिन दीर्घकाळ मनोविकारानें पीडित होती. १९४२ सालीं त्यांचा घटस्फोट झाला होता. पुढच्या वर्षीं, तो आफ्रिकेंत असतांना, प्रतिनिधीमार्फत त्यांचा पुन्हां विवाह झाला. तिला सोडून १९४५ च्या आरंभीं तो पॅसिफिक महासागरांतील युद्धावर गेला.

१८ एप्रिल १९४५ रोजीं, ओकिनावाजवळील इए शिमा या लहानशा बेटावर, जपानी मशीनगनची गोळी लागून तो मृत्यु पावला. वय अवघें ४४. जेराल्डिनहि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत वारली.

युरोपांतील युद्ध संपेल त्या दिवसासाठीं लिहिलेल्या लेखाचा मसुदा त्याच्या खिशांत सांपडला. त्यांत जयघोष नाहीं. प्रेतांच्या राशी पाहतां पाहतां मृत्यु कंटाळवाणा होतो, आणि अखेर त्या मृतांचाच जवळजवळ तिटकारा येऊं लागतो, अशी कबुली त्यांत आहे. एकेका शिपायाचें नांवगांव जपणाऱ्या माणसाची ही कबुली! वार्ताहराला युद्ध काय भावानें पडतें, तें येथें कळतें.

त्याच्यानंतरहि वार्ताहर रणांगणावर जातच राहिले. २०१२ सालीं मेरी कोल्व्हिन सीरियांतील होम्स शहरांत, तर २०२१ सालीं भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी अफगाणिस्तानांत मारले गेले. आपल्या घरीं बातमी येते ती ह्या मार्गानें. मृतांचा आंकडा पाहून पान उलटणें सोपें आहे; त्या आंकड्यांत एकेक नांव आहे, हें ध्यानांत ठेवून ती शेवटपर्यंत वाचावी. वार्ताहराचें एवढें देणें आपणां वाचकांकडे निघतें.