जवानाच्या हातातली रायफल
(मंडळाच्या मांडवात केलेले भाषण)



मी काही फौजी नाही. यंत्रशाखेचा डिप्लोमा केलेला साधा सरकारी नोकर. पण पहाटे तिगावच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारे आपले पोट्टे मला थांबवून बंदुकांबद्दल विचारतात. मोबाइलच्या खेळात त्यांनी जगातल्या साऱ्या रायफली चालवल्या आहेत! त्या खेळात एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे वजन. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपली इन्सास रायफल पुण्याच्या ए.आर.डी.ई. या संस्थेने घडवली. रिकामी असताना ती चार किलोच्या आसपास भरते. चार किलो संत्री हातात धरून डोंगर चढून पाहा, मग बोलू. तिची गोळी ५.५६ मिलिमीटरची, आधीच्या एस.एल.आर.ची ७.६२ ची. लहान गोळी हलकी, म्हणून तेवढ्याच वजनात जवान जास्त गोळ्या नेतो, खांद्याला धक्काही कमी बसतो. पण १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. आता सैन्य परत जाड गोळीकडे वळले आहे. २०१९ मध्ये अमेरिकेकडून सुमारे ७२ हजार सिग-७१६ रायफली घ्यायचे ठरले, आणि अमेठीजवळ कोरवा येथे ए.के.-२०३ बनते. दोघींची गोळी ७.६२ चीच, पण एकीची दुसरीत चालत नाही. एकीची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९. हे पोट्ट्यांना माहीत नव्हते.

आता ग्रेनेड लाँचर. रायफलीच्या नळीखाली एक आखूड, जाड नळी बसवतात. तिच्यातून ४० मिलिमीटरचा ग्रेनेड चारशे मीटरपर्यंत जातो. हाताने फेकला तर तीस-पस्तीस मीटर. मला नवल वाटले ते धक्क्याचे. एवढा गोळा उडतो, मग खांदा निखळत कसा नाही? तर त्याच्या पुंगळीत दोन खोल्या असतात. बारूद लहान खोलीत जळते, दाब तिथे वाढतो, मग भोकांतून वायू मोठ्या खोलीत पसरतो. ग्रेनेडला तडाखा बसत नाही, नुसता रेटा मिळतो. नळीतल्या आट्यांमुळे तो गरगर फिरत निघतो आणि काही मीटर पुढे गेल्यावरच त्याचा फ्यूज जागा होतो, म्हणजे आपल्याच माणसाच्या पायाशी फुटू नये. ज्याने हे डोके चालवले, त्याला माझा नमस्कार.

हे सगळे दूरचे वाटते ना? ५.५६ ची गोळी जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला बनते, कारखाना १९६४ चा. बारूद आणि स्फोटके बनवणारा जवाहरनगरचा कारखाना तर आपल्या नागपूरच्या पलीकडे, भंडाऱ्याला. तिथे २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला आणि कामगार गेले. ते कुठल्या सीमेवर नव्हते, डबा घेऊन कामावर आले होते. जवानासाठी आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा ते मला आठवतात.

पोट्ट्यांनो, आरती झाल्यावर निघून जाऊ नका. मांडवामागे चार किलोचा लोखंडी गज ठेवला आहे. दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि मांडवाला पाच फेऱ्या मारायच्या. पहिली फेरी माझी.