पेन्शन फक्त सरकारी नोकरांची?



मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले लाखो सरकारी-निमसरकारी कर्मचारी सात दिवस संपावर होते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तुम्हीही ऐकली असेल. मी उर्दू शाळेतली शिक्षिका, मीही संपात होते. तेव्हा मोहल्ल्यातल्या एका मुलाने विचारलं, "आपा, आमचे अब्बू यंत्रमागावर आहेत. त्यांना कुठली पेन्शन?" हा प्रश्न टाळून चालणार नाही.

भांडण कशाचं होतं ते आधी बघू. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन राज्य सरकारने बंद केली. जुन्या पद्धतीत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता मिळायचा. नव्या पद्धतीत दरमहा दहा टक्के कापतात, सरकार आपला हिस्सा घालतं आणि पैसा बाजारात जातो. म्हातारपणी हातात किती पडेल याची तेव्हा खात्री नव्हती. जोखीम सरकारच्या खांद्यावरून कामगाराच्या खांद्यावर आली.

आता त्या मुलाचे अब्बू. मालेगाव-भिवंडीचे माग, गॅरेज, बेकरी, हातगाडी. इथे निवृत्ती नसते, हात थकले की कमाई थांबते. सरकारी नोकरीत आपला वाटा किती कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं. गरीब वृद्धांच्या राष्ट्रीय योजनेत ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये. एवढ्यात महिन्याचा चहा तरी भागतो का?

"त्यांना तरी कशाला हवी?" असं म्हणून अब्बूंच्या पदरात काही पडणार नाही. ज्यांच्याकडे संघटना आहे त्यांचीच पेन्शन गेली, तर बिनसंघटनेच्या माणसाला कोण विचारणार? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नकारा खटल्यात म्हटलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. घटनेचं कलम ४१ तर म्हातारपणी सरकारी मदतीबद्दल बोलतं, ते फक्त सरकारी नोकरांसाठी नाही. चाळीस वर्षं कापड विणणं ही देशाची सेवा नाही का?

आम्हा पगारदारांनाही माझं सांगणं आहे, पुढच्या मोर्चात विणकराची पेन्शन मागणीपत्रावर आली पाहिजे. आणि तुम्ही मोहल्ल्यातल्या वृद्धांची, विधवांची यादी करा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज तहसील कचेरीत भरून घ्या. ज्यांचे अर्ज अडतील त्यांना घेऊन एकत्र जा. संघटना अशीच उभी राहते.