कलम 2 वाचलं का?



कायद्याचं पुस्तक हाती पडलं की आपण थेट शिक्षेच्या किंवा सवलतीच्या कलमाकडे धावतो. आपल्याकडच्या बहुतेक कायद्यांत कलम 2 व्याख्यांचं असतं. ते रुक्ष, म्हणून आपण ते ओलांडून जातो. माझं म्हणणं असं की सार्वजनिक नियमांवरचे बरेच वाद त्या ओलांडलेल्या पानावरच निकालात निघालेले असतात.

आपल्या विदर्भातला बांबू घ्या. वनस्पतीशास्त्र त्याला गवताच्या कुळात बसवतं. 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड आणि वेतासोबत बांबूही घातला. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की तोडलेलं झाड म्हणजे इमारती लाकूड. झालं! बुरडाच्या सुपाचा कच्चा माल एका वाक्यात सागाच्या पंगतीला जाऊन बसला. इंग्रज अधिकाऱ्यांना गवत ओळखता येत नव्हतं, असं समजू नका. त्यांना बांबूवर ताबा हवा होता, आणि तो त्यांनी व्याख्येतून मिळवला.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. त्याने बांबूला नाव घेऊन गौण वनोपज म्हटलं. ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क गावाला दिला. एकाच रानात आता दोन बांबू उभे राहिले: जुन्या कायद्यातलं झाड आणि नव्या कायद्यातलं गौण वनोपज. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागत होता, आणि घोडं तिथेच अडलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या ग्रामसभेने पिच्छा सोडला नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

या काळात ‘बांबू गवत की झाड’ यावर पुष्कळ शाई सांडली. तो वाद मला मुळातच फसवा वाटतो. कायद्याने वनस्पतीशास्त्राच्याच मागे जायचं ठरवलं, तर ऊसही गवताच्याच कुळातला. साखर कारखान्यांना चराईचे नियम लावायचे का? ही व्याख्या कोणत्या कामासाठी केली आणि तिने कुणाच्या हातात काय दिलं, हे विचारायला हवं होतं. 2017 मध्ये ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला, तेव्हा शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्याची वाट मोकळी झाली. जंगलातला बांबू वनोपजच राहिला.

व्याख्या रुंद केली की भलं होतं, असंही नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘वन’ म्हणजे शब्दकोशात जे वन आहे ते, मालकी कुणाचीही असो. त्यामुळे देशभरातली बेछूट तोड अडली. त्याच अर्थाच्या आधारे 22 मे 2025 रोजी पूर्व विदर्भातली झुडपी जंगलंही वनच ठरली. सुमारे 86 हजार हेक्टर जमीन, आणि तिच्यावर कुठे घरं, कुठे शाळा, कुठे स्मशानभूमी. 1996 पूर्वी वाटलेल्या जमिनींसाठी न्यायालयाने वेगळी वाट ठेवली, हे बरं झालं. तरी तिथे राहणाऱ्याला त्या वाटेने कागद घेऊन चालावं लागणारच.

आज पदवी घेणाऱ्यांनो, आता तुमच्या पिढीचा शब्द. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ने ‘गिग कामगार’ म्हणजे पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा माणूस, असं ठरवलं. कंपन्या त्याला ‘पार्टनर’ म्हणतात. हे नातं खरंच बाहेरचं आहे का, हाच तर वाद होता! तो व्याख्येतच मिटवला, आणि चर्चा उरली कल्याण निधीत कुणी किती भरायचं याची.

अशा नियमांचे मसुदे राजपत्रात येतात, हरकती-सूचनांना मुदत असते. तुमच्यातले काही जण हरकती लिहाल, काही जण कार्यालयात बसून त्या वाचाल. वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे: व्याख्येवर आलेली हरकत ‘तांत्रिक बाब’ असा शेरा मारून फायलीत बंद करू नका.