ध्वनिवर्धकाच्या पेटीची सुतारी

घरी ध्वनिवर्धकाची पेटी बांधू पाहणारा माणूस बहुधा आधी लाकडाच्या देखणेपणाचा विचार करतो. परंतु पेटीचे खरे काम स्वतः न वाजण्याचे असते, आणि त्यासाठी लाकडाच्या जातीपेक्षा सांध्यांचा घट्टपणा अधिक मोलाचा ठरतो. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागची हवा विरळ होते, आणि पुढची व मागची लहर एकत्र आल्यास खर्जाचे स्वर एकमेकांना खोडून काढतात. ही गाठ पडू नये म्हणूनच पेटी लागते.

मुंबईतल्या कांदिवलीसारख्या खाडीलगतच्या उपनगरात या कामावर पावसाळ्याचा अंमल असतो. जुलैच्या दमट हवेत अखंड सागवानी फळी तंतूंना आडव्या दिशेने फुगते, हिवाळ्यात आकसते, आणि या हालचालीने चांगला सांधाही उकलू शकतो. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असल्याने हा दोष फार कमी होतो. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून स्पीकर आणणाऱ्या हौशी कारागिराने 18 मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवूड निवडावे, हे उत्तम. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, एकजिनसी असते खरे, पण त्याची कापलेली कड ओल शोषते, तेव्हा ती रंग किंवा पॉलिशने बंद करणे अत्यावश्यक असते.

समोरासमोरच्या फळ्यांत 30 सेंटिमीटर अंतर असल्यास सुमारे 570 हर्ट्झला आतली हवा घुमू लागते. लांबी, रुंदी व खोली सारखी ठेवली तर तिन्ही दिशांची घुमी एकाच स्वरावर साचते, 18.5, 30 आणि 48.5 सेंटिमीटर अशी आतली मापे घेतल्यास ती विखुरते आणि सुमारे 27 लिटरची पेटी मिळते. पेटीचे आकारमान मात्र स्पीकरच्या गुणधर्मांवरून ठरवावे लागते, आणि त्याचे गणित ध्वनी-अभियंते थील यांच्या 1961 च्या लेखनाने व पुढे स्मॉल यांच्या कामाने सुलभ झाले.

सांध्यासाठी एका फळीच्या कडेला खाच काढून दुसरी तीत बसवली, की डिंकाला दोन पृष्ठे मिळतात आणि हवेची वाट वळणदार होते. गुण्या लावून काटकोन तपासावा, डिंक सलग पसरावा, शिकंजे आवळावेत, आणि पावसाळ्यात ते नेहमीपेक्षा अधिक वेळ तसेच ठेवावेत, कारण पाण्यातला डिंक दमट हवेत सावकाश वाळतो. मोठ्या फळ्या थरथरू नयेत म्हणून आतून आडवी पट्टी ठोकावी, पण ती अगदी मधोमध नसावी. बंद पेटीचा शंकू बोटांनी हलकेच आत दाबून सोडल्यावर तो सावकाश परतला तर सांधे हवाबंद आहेत. झटकन परतला तर आतल्या कडांवर डिंक पुन्हा फिरवावा.