गहाण पडलेले घर



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान आहे, ते आमचे सर सकाळी मराठीचे व्याकरण शिकवीत आणि सायंकाळी धोतराचा काचा मारून खो-खोच्या मैदानात उतरत. १९५६ साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली. सरांनी मराठीची पकड मात्र मैदानावरही सैल होऊ दिली नाही. 'खो' उशिरा दिला, तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यासारखे ते रागावत!

एका पराभवानंतर आम्ही रडवेले बसलो असता त्यांनी खाशाबा जाधवांची हकिकत सांगितली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पण सर पदकापाशी थांबले नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी या शिष्याच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला. "बाळांनो, घर आधी गहाण पडले, पदक नंतर आले," एवढेच ते म्हणाले.

पुढे मी प्राध्यापक झालो. एका मल्ल विद्यार्थ्याने स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठी माझ्याकडे शब्द टाकला. मी त्यास रीतसर अर्ज करावयास सांगितले. अर्ज नामंजूर झाला. त्या दिवशी माझ्या खिशात महिन्याचा पगार होता.

सर हयात असताना हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आज त्यांच्या तसबिरीसमोर सांगत आहे.