जिजाऊ आईसाहेब : आई आणि आजी



जिजाऊ आईसाहेबांचा जयजयकार आपण राजमाता म्हणून करतों, आणि तो योग्यच आहे. पण आज मी त्यांच्याविषयीं बोलणार आहें तें एका घरची आई आणि आजी म्हणून. त्यांच्या शहात्तर वर्षांच्या आयुष्यांत शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरानें घेण्याजोगें पुष्कळ आहे.

१५९८ सालीं सिंदखेड येथें लखुजी जाधवरावांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. माहेर मोठें, सासरही मोठें. सुख मात्र थोडें. १६२९ सालीं दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत त्यांचे वडील व भाऊ दग्यानें मारले गेले. त्यानंतर वर्ष पुरें होण्याच्या आंतच, १६३० त, शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. आईसाहेबांनीं माहेरचें दुःख पोटांत ठेवूनच बाळंतपण काढलें.

पुढें शहाजीराजे कर्नाटकांत आणि आईसाहेब मुलाला घेऊन पुण्यास, असा संसार झाला. पुणें विजापूरच्या फौजेनें जाळलेलें, वर १६३०-३२ चा दुष्काळ. रानें ओस पडलेलीं. तेथें कुळांना धीर देऊन जमीन पुन्हां लागवडीस आणली. आईसाहेबांनीं सोन्याचा नांगर फिरविला असें लोक सांगतात. नांगर सोन्याचा असेल नसेल. पुढें पीक आलें तें कुणब्याच्या बाभळीच्या नांगरानेंच, आणि त्या कुणब्याला गांवांत परत आणणें हेंच खरें मोठें काम होतें. शिवबांनीं लहानपणीं तें डोळ्यांनीं पाहिलें.

थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईंत पडला. १६५९ सालीं सून सईबाई वारल्या. नातू शंभूराजे तेव्हां अवघे दोन वर्षांचे. त्यांना दूध पाजलें कापूरहोळच्या धाराऊनें, आणि वाढविलें आजीनें. ज्या वयांत बाई म्हणते, "आतां माझें झालें, तुमचें तुम्ही पाहा," त्या वयांत आईसाहेबांनीं दुसऱ्यांदा मूल मांडीवर घेतलें.

१६६४ सालीं शहाजीराजे शिकारींत घोड्यावरून पडून वारले. आईसाहेब सती जाण्यास निघाल्या, आणि राजांनीं काकुळतीस येऊन त्यांना मागें फिरविलें, असें बखरींत सांगितलें आहे. त्या दिवशीं राजांनीं शास्त्र विचारलें नाहीं, लोक काय म्हणतील हें पाहिलें नाहीं. त्यांना आई पाहिजे होती.

पुढें काय झालें तें पाहा. दोनच वर्षांनीं, १६६६ त, राजे आग्र्यास गेले. नऊ वर्षांचा नातू बरोबर. मागें राज्याची देखरेख आईसाहेबांकडे. बादशहानें बापलेकांना अडकवून ठेवलें. राजे निसटून घरीं आले ते एकटेच. पोराला मथुरेस ठेवावें लागलें होतें. तो सुखरूप परत येईपर्यंत त्या आजीनें दिवस कसे काढले असतील, हें मीं आपल्या मायबहिणींना सांगायला नको. ती विधवा चितेवर गेली असती, किंवा कोपऱ्यांत बसविली गेली असती, तर त्या वर्षीं गडावरचीं माणसें कोणाच्या तोंडाकडे पाहून राहिलीं असतीं?

६ जून १६७४ रोजीं रायगडावर मुलाचा राज्याभिषेक त्यांनीं पाहिला, आणि अकराव्या दिवशीं, १७ जूनला, पाचाड येथें देह ठेवला. त्यांची समाधि तेथेंच आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. नवरा गेल्यावर मोलमजुरी करून पोरें वाढविलेली आजी आपल्यांत घरोघर आहे. तिचे हात नातीला न्हाऊंमाखूं घालायला चालतात, तिच्यासाठीं भाकरी थापायला चालतात. मग लग्नांत त्याच नातीला हळद लावायला कां चालत नाहींत? कोणत्या न्यायानें? कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें ४ मे २०२२ रोजीं ग्रामसभा घेऊन विधवेचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें बंद करण्याचा ठराव केला. तें कांहीं राजेरजवाड्यांचें गांव नव्हे, तुमच्याआमच्यासारख्यांचेंच आहे. त्याच महिन्यांत सरकारनेंही इतर गांवांनीं हा कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें.

तेव्हां माझें मागणें एवढेंच. येत्या लग्नसराईंत मांडव घालाल, तेव्हां हळदीचें ताट पहिल्यांदा आजीच्या हातीं द्या. कोणी कां म्हणून विचारलें, तर सांगा, शिवाजीराजांच्या घरचा शिरस्ता आहे. त्यांनीं विधवा आईला मागें सारलें नाहीं, राज्य तिच्या हातीं दिलें.