दांतांतला किडा व तोंडांतलें आम्ल

(पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



दाढ दुखूं लागली कीं आपले लोक म्हणतात, "किडा लागला!" मग धुरी देणारा नाहीं तर मंत्र घालणारा गांठावयाचा. तो हातचलाखीनें अळी काढून दाखवितो, पैसे कनवटीला लावतो आणि पुढच्या गांवीं जातो. दाढ दुखायची ती दुखतेच. बंधूंनो, दांतांत अळी नसतेच! पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत ही समजूत नाकारली. मग घामाचा पैसा आम्हीं बहुजनांनीं अजून या किड्यावर कां उधळावा?

खरा प्रकार असा आहे. दांतांवर जें चिकट किटण सांचतें, त्यांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. साखर, गूळ, बिस्किट तोंडांत गेलें कीं त्यावर ते जगतात व आम्ल सोडतात. विरजणानें दूध आंबतें, तसेंच हें. मिलर या अमेरिकन संशोधकानें बर्लिन येथें अभ्यास करून १८९० सालीं हें ग्रंथरूपानें मांडलें. या आम्लानें दांताच्या कवचांतील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळतें आणि पुढें खड्डा पडतो.

लाळ ही आपली फुकटची औषधी. ती आम्लाचा जोर मोडते व झिजलेलें कवच थोडें थोडें भरून काढते. परंतु त्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणून गोड किती खाल्लें, तसेंच किती वेळां खाल्लें, हेंही पाहिलें पाहिजे. घडोघडी गोड चहा, पोराच्या गालांत सदा गोळी, निजतांना तोंडांत दुधाची बाटली, मग लाळेला उसंत कोठची? झोपेंत तर ती सुटतेच कमी.

तेव्हां गोड खाणें तें जेवणाबरोबर खावें व चूळ भरावी. सकाळीं व निजण्यापूर्वीं फ्लोराईडच्या पेस्टनें दांत घांसावे. चिंच-लिंबू खाल्ल्यावर मात्र लगेच घांसूं नये. कवच तेव्हां मऊ झालेलें असतें. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिनें तोंडाचा कर्करोग होतो, ती सोडावी. दुधाचे दांत पडणारच म्हणून हयगय करूं नये. डाग दिसतांच मूल सरकारी दवाखान्यांत न्यावें.

कीड ना दैवाची, ना पूर्वजन्मींच्या पापाची. कारण कळलें, आतां उपाय आपल्याच हातीं आहे. दाढ ठणकणाऱ्या पोराचें पाटीवर लक्ष लागत नाहीं, आणि आपल्या पोरांचा एकही दिवस वाया जाणें आपणांस परवडणारें नाहीं!